मेंदीवरची रुई

सईदाभाबीच्या गच्चीवर बारा महिने कोणी ना कोणी फुकट जेवायला यायचं. पावसाळ्यात गोगलगायी, त्या तर कुंडीतली तुळस देठासकट साफ करायच्या. पाऊस ओसरला की लिंबाच्या रोपावर ती मेली अळी, आधी चिमणीने घाण केल्यासारखी दिसणारी आणि मग हिरवीगार होऊन अख्खी फांदी फस्त करणारी. थंडीत जास्वंदीच्या कळ्यांना मावा. उन्हं तापली की तांबडे कोळी, ते डोळ्यांना दिसायचेही नाहीत, पानं तेवढी फिकट पडत जायची. "मी झाडं लावलीत का लंगर उघडलाय?" असं ती झारी आपटून विचारायची. गच्चीवर दुसरं कोणी नसायचंच, मग उत्तरही तिचं तीच द्यायची.

या सगळ्यांवर कडी म्हणजे रुई. भिवंडीच्या नारपोलीतल्या तिच्या दुमजली घराच्या शेजारी तिच्या धाकट्या दिराचा, अय्यूबचा, कापड विणायच्या लूमचा कारखाना. मधे एक माणूस आडवा होऊन जाईल एवढाच बोळ. लूम सुरू असले की खिडक्यांतून रुई उडायची ती थेट गच्चीवर. जास्वंदीवर रुई, कढीपत्त्यावर रुई, वाळत घातलेल्या पापडांवर रुई, सईदाच्या भुवयांवर रुई. शुक्रवारी लूम बंद, म्हणून शुक्रवारी सकाळी ती पाइप लावून एकेक झाड आंघोळ घातल्यासारखं धुवायची. शनिवारी संध्याकाळी पुन्हा होतं तसंच. लग्न होऊन आली तेव्हापासून हेच. नवरा होता तेव्हा तो म्हणायचा, "अगं, याच रुईवर घर चाललंय." आता तो नव्हता, तरी त्याचं ते वाक्य आठवून ती अजून चिडायची.

सगळ्या झाडांत तिचा जीव एकाच झाडावर, आणि ते होतं मेंदीचं. सईदाचं माहेर खाडीकाठच्या गावात, तिथे परसाला मेंदीचंच कुंपण. लग्नात आईने भांडी दिली, पेटी दिली आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली मेंदीची एक फांदीही दिली. सासरचे हसले. इथे लावायला मातीच नव्हती, खाली सगळी फरशी. मग नवऱ्याने सुताला खळ लावून देणाऱ्या सायझिंगवाल्याकडून खळीचा रिकामा निळा ड्रम आणला, अर्धा कापला, गच्चीवर चढवला, आणि मेंदी तिथे रुजली. माहेरची रीत अशी की नवरीच्या तळव्यावर पहिला ठिपका घरच्या मेंदीचा. आईने स्वतः पाट्यावर वाटायची, स्वतःच्या बोटाने लावायची. त्यानंतर हातभर नक्षी काढा, नाहीतर कोपरापर्यंत काढा, कोण विचारतंय. पण तो ठिपका लागला नाही तर मुलगी घरातून निघाल्यासारखी वाटत नाही.

दर पावसाळ्याआधी सईदा मेंदी छाटायची आणि काड्या वरूनच बोळात फेकायची. अय्यूबची मुलगी रमशा शाळेत होती तेव्हा तिने त्यातली एक काडी उचलून कारखान्याच्या खिडकीखाली, गटाराच्या कडेला थोडी माती होती तिथे, खोचली होती. ती जगली. पण खिडकीतली रुई पहिल्यांदा तिच्यावरच पडायची, त्यामुळे ते झुडूप कमी आणि उसवलेली गादी जास्त दिसायचं. सईदा वरून डोकावून म्हणायची, "अरे, त्या बिचारीला उपटून तरी टाका. बघवत नाही."

तर यंदा सईदाच्या मुलीचं, हफसाचं, लग्न ठरलं. मुलगा कल्याणचा, माणसं चांगली, तारीख ईदनंतर मे महिन्यातली. हफसा शाळेत शिकवायची, स्वभावाने बापावर गेलेली, कशाचा गाजावाजा नाही. तिने एकच अट घातली होती, मेंदी घरचीच. मैत्रिणीच्या लग्नात बाजारचा काळा कोन लावून तिच्या हाताला फोड आले होते, आठवडाभर खडू धरता आला नव्हता. सईदाला तर तेच हवं होतं. कळी खुलली तिची. त्या दिवसापासून ती मेंदीला खतपाणी असं द्यायला लागली की ताबिश, तिचा मुलगा, म्हणाला, "अम्मी, लग्न हफसाचं आहे का त्या ड्रमचं?"

आणि नेमकं यंदाच झाड बिघडलं.

आधी शेंड्यांना पांढरं दिसलं. सईदाने नेहमीप्रमाणे शुक्रवारी पाइप मारला. बाकीच्या झाडांची रुई निघाली, मेंदीच्या शेंड्यांची निघाली नाही. पानांच्या बेचक्यांत, कोवळ्या देठांना ती चिकटून बसली होती. पानांना हात लावला तर चिकचिक. सईदाने बोटं एकमेकांना लावून बघितली आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खळ. सुताला लावतात ती खळ. अय्यूबने नवीन सायझिंगवाला धरला होता, त्याची खळ हलकी असणार, लूमवर ती झडत असणार आणि रुईबरोबर उडून इथे येत असणार. म्हणून तर रुई निघत नाही. मग थोड्या दिवसांनी खालची पानं काळी पडली, वर काजळी धरल्यासारखी. तेही सरळच होतं, सायझिंगच्या बॉयलरचा धूर. पांढरं लूमचं, चिकट खळीचं, काळं धुराचं. भिवंडीत एवढी वर्षं काढलेल्या बाईला हे कोणी शिकवायला नको होतं.

मुंग्याही आल्या होत्या. खोडावरून वर जाणारी एक रांग, खाली येणारी एक. ते खापर ताबिशवर फुटलं, कारण तो गच्चीवर फोनवर बोलत सरबत प्यायचा आणि ग्लास तिथेच ठेवायचा. ताबिश राहनाळच्या गोदामात सुपरवायझर होता, तिथे म्हणे प्रत्येक खोक्याची जागा ठरलेली, घरात मात्र स्वतःचा ग्लास कुठे ठेवायचा हे त्याला कळत नव्हतं.

सल्ला द्यायला मात्र सगळे पुढे. ताबिशने फोनवर व्हिडिओ बघितला आणि मुळांना हवा लागत नाही म्हणून स्क्रूड्रायव्हरने माती उकरून ठेवली. त्यात दोन मुळं तुटली. मागच्या गल्लीतली कलावती आली, दवाखान्यातून आया म्हणून रिटायर झालेली, सईदाची जुनी मैत्रीण. तिच्याही गच्चीवर कुंड्या होत्या आणि कोणाच्या मोगऱ्याला आधी कळ्या येतात यावरून दोघींची दरवर्षी जुंपायची. तिने चष्मा वर-खाली करून मेंदी बघितली.

"सईदा, हा मावा असेल गं. तंबाखूचं पाणी मार."

"कलाताई, मावा हिरवा असतो, काळा असतो. हे पांढरं आहे. ही रुई आहे."

"मला काहीतरी जिवंत वाटतंय."

"रुई मी ओळखत नाही का? आयुष्य गेलं रुई झाडण्यात. माझ्या डाळीत रुई असते, उशीत असते, ही अशी डोक्यात असते." तिने केसांतून एक तंतू काढून दाखवलासुद्धा.

कलावतीने हात टेकले. "बरं बाई, रुई तर रुई," म्हणाली आणि जाताना कढीपत्ता तोडून घेऊन गेली.

तेवढ्यात रमजान लागला. रोज्यात तोंडातून वेडंवाकडं निघू नये म्हणून सईदा महिनाभर ओठ आवळून राहिली. अय्यूब इफ्तारीला यायचा, खजूर उचलायचा, "भाबी, तब्येत बरी ना?" विचारायचा, आणि ती नुसती मान हलवायची. अय्यूबला वाटलं भाबीला रोजे जड जाताहेत. तसं तिला एकच गोष्ट जड जात होती, ती म्हणजे गप्प बसणं. रोज दुपार उलटून अस्रची नमाज झाली की ती वर जायची. पांढरं वाढतच होतं. शेंडे आखडले होते, नवी पानं वाकडी निघत होती, मुठीसारखी मिटलेली. लग्नाला उरलेले दिवस आणि झाडावरची उरलेली पानं यांचा तिच्या मनात सारखा हिशेब चालायचा आणि जुळायचा नाही.

ईदच्या दिवशी तो बांध फुटला. अय्यूब बायको आणि रमशासह आला, गळाभेट झाली, सगळे शीरखुर्मा घेऊन बसले. हॉलमध्ये पाहुणे होते. कोणीतरी सहज विचारलं, लग्नाची तयारी कुठवर आली.

"तयारी सगळी झाली," सईदा म्हणाली. "मेंदी सोडून. ती आमच्या अय्यूबच्या लूमने खाल्ली."

अय्यूब हसला, त्याला आधी मस्करीच वाटली. "भाबी, रुई काय आजची आहे? एवढ्या वर्षांत कधी झाड मेलं का?"

"यंदा मरतंय. तुझी ती हलकी खळ उडते, पानं चिकट झालीत. तुझ्या बॉयलरवाल्याची काजळी बसते. खिडक्यांना साधा एक पडदा लावला असतास तर काय बिघडलं असतं? निकाहात कबुली विचारायला हफसाचा वकील म्हणून तूच तिच्यासमोर बसणार ना? मग तिच्या हातावर घरची मेंदी का नाही, तेही तूच सांग तिला."

अय्यूब लहान होता तेव्हा याच भाबीने त्याचे शाळेचे डबे भरले होते, त्यामुळे तिच्यासमोर उलटून बोलायची त्याला सवय नव्हती. त्याने अर्धा शीरखुर्मा तसाच ठेवला, वाटी बाजूला सरकवली आणि "बंद करतो खिडक्या" एवढं बोलून निघाला. हफसा आईकडे बघत राहिली. "अम्मी, ईदच्या दिवशी?" ती म्हणाली. सईदाने वाट्या गोळा करायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी अय्यूबने गच्चीच्या बाजूच्या सगळ्या खिडक्यांवर जाड प्लास्टिक ठोकलं. खिळ्यांचा आवाज वरपर्यंत येत होता. तो स्वतः वर यायचा बंद झाला. रमशा निरोप घेऊन यायची, कॉलेजची बॅग खांद्यालाच. "अब्बा बोलले, खिडक्या बंद केल्या. अजून काय पाहिजे का विचार."

सईदाला वाटलं, चला, सुटले. तिने आपल्या ओढणीच्या टोकाने एकेक शेंडा पुसून काढला. जास्वंदीवर, कढीपत्त्यावर खरंच रुई कमी दिसायला लागली. मेंदीवर मात्र तेवढीच, उलट जास्त. सईदाचं डोकं फिरायची पाळी आली. ती बोळाच्या बाजूला वाकली, खिडक्या निरखल्या, आणि तिला पंख्याचा झरोका दिसला. तो उघडाच होता. झालं, रमशाबरोबर निरोप गेला. झरोकाही बंद झाला.

एप्रिलचं ऊन होतं. पत्र्याचं छप्पर, खिडक्या बंद, आत सगळे लूम सुरू. कारागीर बनियन काढून, ओले टॉवेल डोक्याला बांधून काम करत होते. एके दुपारी सईदाने वरून बघितलं तर अनंता, अय्यूबचा जुना मिस्त्री, कारखान्याच्या पायरीवर पाय पसरून बसला होता आणि दुसरा एक कारागीर त्याच्या डोक्यावर तांब्याने पाणी ओतत होता. अनंताला चक्कर आली होती. सईदा खाली जायला वळली. पण तिने मेंदीकडे बघितलं, त्या वाकड्या पानांकडे, आणि मनाशी म्हणाली, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, लग्न झालं की उघडतील. त्या संध्याकाळी तिने खाली कोकम सरबताची कळशी मात्र पाठवली. कळशी धुऊन परत आली. निरोप काही आला नाही.

मग गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला.

आज येईल, उद्या येईल असं करत लाइट काही आली नाही. गल्लीतले सगळे लूम थांबले. शुक्रवार सोडून एवढी शांतता नारपोलीत कोणी ऐकली नव्हती, लोक उगाच हळू आवाजात बोलत होते. कारागीर खाटा टाकून बाहेर पडले होते. सईदाला मात्र आत कुठेतरी बरं वाटत होतं. लूम बंद, म्हणजे रुई बंद. तिने संध्याकाळी मेंदीचा प्रत्येक शेंडा पुन्हा पुसला, लहान बाळाचं तोंड पुसावं तसा.

दोन दिवसांनी सकाळी ती बादली घेऊन वर गेली. लाइट अजून नव्हतीच. वारा नव्हता. समोर प्लास्टिक ठोकलेल्या खिडक्या, आत एकही लूम हलत नव्हता. आणि मेंदीच्या शेंड्यावर, नुकत्या पुसलेल्या त्याच शेंड्यावर, पांढरं.

"आता ही आकाशातून पडली का?" ती मोठ्याने म्हणाली. रागाने तिने तो पांढरा पुंजका अंगठा आणि बोटात धरून चिरडला.

तो ओला होता. सईदाने बोट बघितलं. बोटावर लालसर डाग पडला होता. रुई चिरडली तर चपटी होते, फार तर काळवंडते, ती ओली होत नाही. तिने दुसरा पुंजका चिरडला, तसाच डाग. मग ती डोळे बारीक करून तिसऱ्या पुंजक्याकडे बघत राहिली. बराच वेळ काही झालं नाही. मग तो पुंजका देठावरून थोडा पुढे सरकला. रुई चालत होती.

सईदा तिथेच उलट्या बादलीवर बसली. चिकट पाणी या किड्याचं होतं. काळी बुरशी त्या चिकट पाण्यावर धरली होती. मुंग्या ते गोड चाटायला येत होत्या आणि किड्यांना एका शेंड्यावरून दुसऱ्यावर नेऊन सोडत होत्या, सरबताच्या ग्लासाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. सगळं एकदम कळलं आणि एवढं कळूनही काही उपयोग नव्हता. तिला आधी राग आला तो किड्यांचा, मग अय्यूबचा, कारण त्याने तिचं ऐकून खिडक्या बंदच का केल्या, भांडायचं होतं की. आणि मग उरली ती स्वतःच, तिच्यावर चिडण्यात काही मजा नव्हती. पायरीवर बसलेला अनंता तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

कलावतीला बोलावणं गेलं. तिने एकदा बघितलं आणि म्हणाली, "पिठ्या ढेकूण. जास्वंदीवर नेहमी येतो तोच."

"तू तर मावा म्हणाली होतीस."

"जिवंत आहे असंही म्हटलं होतं. निम्मं तरी बरोबर होतं. तुझं तर निम्मंही नव्हतं."

सईदाने निमूट कात्री उचलली, त्यामुळे कलावतीलाच वाईट वाटलं. दोघींनी पदर आणि ओढणी खोचली. आखडलेला प्रत्येक शेंडा कापला. कापलेलं खाली पडू न देता लगेच प्लास्टिकच्या पिशवीत टाकलं आणि तोंड घट्ट बांधलं, नाहीतर किडे पुन्हा मातीतून वर येतात. उरलेलं खोड साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसलं, बेचक्यांत जुना टूथब्रश फिरवला. ऊन उतरल्यावर कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात घोटून फवारलं आणि आठवड्याने पुन्हा मारायचं ठरवलं. मुंग्या चढू नयेत म्हणून ताबिशने खोडाभोवती प्लास्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस थापलं, आणि यावेळी कुठला व्हिडिओ न बघता थापलं. काम संपलं तेव्हा ड्रममध्ये चार उघडे दांडे उभे होते.

"वाचेल," कलावती म्हणाली. "महिन्या-दीड महिन्यात भरून येईल."

लग्न त्याच्या कितीतरी आधी होतं. हे दोघींनाही माहीत होतं.

हफसा शाळेतून आली, वर जाऊन ते दांडे बघून आली आणि आईजवळ बसली. "जाऊ दे गं अम्मी. नाही ठिपका लागला तर काय होतं? माझं लग्न काही त्याने कमी होणार नाहीये." तिने हे एवढं गोड बोलून सांगितलं की सईदाला ते सहनच झालं नाही. आदळआपट केली असती तर तिने उलट दोन शब्द ऐकवले असते. ती कांदा चिरायला स्वयंपाकघरात गेली आणि कांदा न चिरताच रडली. तिच्या आईने ओल्या फडक्यात दिलेली फांदी एवढी वर्षं टिकली, आणि एकुलत्या एका मुलीच्या हाताला लागायची वेळ आली तेव्हा तिनेच रुई रुई करत ती हातची घालवली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट आली आणि गल्लीभर लूम एकदम खडखडायला लागले. बंद खिडक्यांच्या आडून अय्यूबचेही. सईदाने डोक्यावरून ओढणी नीट केली आणि जिना उतरली. रमशाकडे निरोप देऊन भागण्यासारखं हे नव्हतं.

कारखान्याच्या दारातच गरम हवेचा भपकारा तोंडावर आला. आत घामाचा आणि तेलाचा वास कोंडला होता. अनंता ओला टॉवेल मानेवर टाकून एका लूमचा तुटलेला धागा जोडत होता, त्याने तिला बघून मान लववली. तिला त्याच्याकडे नीट बघवलं नाही. अय्यूब मागून आला.

"भाबी? तुम्ही इथे?"

"अय्यूब, चूक माझी होती," ती म्हणाली.

"काय?"

"चूक. माझी."

"ऐकू येत नाही. बाहेर चला." तो तिला मागच्या दाराने बोळात घेऊन गेला. तिथे आवाज जरा कमी होता. "आता बोला."

एकदा बोललेलं पुन्हा बोलायचं म्हणजे दुप्पट जड. पण ती बोलली. "रुई नव्हती ती. किडा होता. खळ नाही, धूर नाही, काही नाही. मी तुला ईदच्या दिवशी चार माणसांत बोलले. तुझ्या माणसांना भट्टीत कोंडलं. खिडक्या उघड."

"अनंताला चक्कर आली ना, त्या दिवशी मी वर येणार होतो भाबी. तोंडाला येईल ते बोलणार होतो. अर्ध्या जिन्यातून परत फिरलो. बोललो, हफसाचं लग्न आहे, तिच्या घरात आता तमाशा नको."

"यायला पाहिजे होतंस," सईदा म्हणाली. तिला ते खरंच वाटत होतं.

त्याने पुढे होऊन खिडकीवरच्या प्लास्टिकचं टोक धरलं आणि ओढलं. खिळे पटापट सुटले. आत एवढे दिवस साचलेली रुई भसकन बाहेर आली, सईदाच्या डोक्यावर, खांद्यांवर, आणि खिडकीखालच्या झुडपावर. आतून कोणीतरी मोठा श्वास सोडल्याचं ऐकू आलं. सईदा डोळे चोळत, शिंकत, रुई झाडत उभी राहिली, आणि तिचं लक्ष त्या झुडपाकडे गेलं.

पांढरंफटक. देठांवर पांढरं, बेचक्यांत पांढरं. आता सवयच लागली होती, तिने पुढे होऊन एक पुंजका अंगठ्यात धरून चिरडला. कोरडा. दुसरा चिरडला. कोरडा. पानाला बोट लावलं, चिकटलं नाही. खोडावर मुंगी नव्हती. तिने फांदी धरून जोरात हलवली. रुई उडाली आणि आतून पानं दिसली, स्वच्छ, टोकदार, एवढी हिरवी की तिला क्षणभर माहेरचं कुंपण आठवलं. एकाच फांदीवर मूठभर पाला होता.

ती त्या फांदीला धरून तशीच उभी राहिली. मागायला तोंड उघडत नव्हतं. हीच मेंदी ती वरून बघायची, हिलाच उपटायला सांगायची.

"तुमचीच आहे," अय्यूब म्हणाला. "रमशाने काडी खोचली होती ना. तुम्ही किती वेळा बोललात उपटा, पण पोरीने उपटू दिली नाही."

"हफसासाठी पाहिजे होती. थोडी."

"सगळी न्या," तो म्हणाला. मग जाता जाता दारातून वळून म्हणाला, "पण धुऊन घ्या भाबी. रुई आहे."

सईदाने धुतली. किती पाण्यांतून काढली, विचारू नका. पहिल्या पाण्यात तर दुधावरच्या सायीसारखी रुई वर आली. लग्नाच्या आदल्या दिवशी पाल्याचे देठ खुडून तिने पाट्यावर बसून वाटला. कलावतीने मिक्सर सुचवला आणि बोलणी खाल्ली. घर बायकांनी भरलं होतं, हफसा मधे पाटावर. सईदाने बोटावर वाटण घेतलं आणि तिच्या उजव्या तळव्याच्या मधोमध ठिपका ठेवला. त्याच क्षणी तिला त्यात एक बारीक पांढरा तंतू दिसला. ती तो काढायला गेली, पण हफसाने हात मागे घेतला. "राहू दे अम्मी. पुन्हा पुन्हा बोट नको लावू, पसरेल." बायका गाणी म्हणत होत्या, आणि तिथे रुईवरून वाद घालायची ती वेळ नव्हती.

सकाळी मेंदी झडली. रंग आला होता, चांगला गडद. आणि ठिपक्याच्या मधून एक बारीक रेघ गेली होती, जिथे तो तंतू बसला होता तिथे रंग धरलाच नव्हता. सईदाने कपाळाला हात लावला. एवढं सगळं करून शेवटी रुई ती रुईच, पोरीच्या तळहातावर येऊन बसली.

निकाहाच्या वेळी अय्यूब दोन साक्षीदारांसह आतल्या खोलीत आला. नवा कुर्ता, अत्तर, आणि खांद्यावर नेहमीप्रमाणे एक पांढरा तंतू. हफसाच्या समोर बसला आणि तिचा हात बघून थांबला.

"ठिपक्यात ही रेघ कसली?" त्याने विचारलं.

"तुझी रुई आहे," मागून सईदा म्हणाली. "किती धुतली तरी एक राहिलीच."

अय्यूबने त्या रेघेवरून अंगठा फिरवला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायचं त्याला जमलं नाही, कारण खोलीतल्या सगळ्या बायका त्याच्याकडेच बघत होत्या. सईदाने पुढे होऊन त्याच्या खांद्यावरचा तंतू उचलला, दोन बोटांत चिरडून बघितला आणि टाकून दिला. मग त्याने घसा खाकरला आणि हफसाला जे विचारायचं होतं ते विचारलं.